हम कपॅसिटरचा नव्हता, वायरचा होता : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्रीच वाचली होती. लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातल्या एका मुद्द्यासाठी आधी अँप्लिफायर उघडणं गरजेचं होतं. परवा रात्री ते काम झालं, म्हणून आज लिहायला बसलो.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घरी बांधलेल्या क्लास ए (ज्यात गाणं नसतानाही पूर्ण करंट सतत वाहतो अशा) अँप्लिफायरवर मी मागे एक लेख लिहिला होता. सर नागपूरचे आहेत, सगळी नोकरी विजेच्या कामात झाली. त्यांचे आक्षेप असे : फोटोत मेन्सची (भिंतीतल्या २३० व्होल्टची) वायर दोनच कोअरची दिसते, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि असा फोटो पाहून कुणी पोरगा तसंच बांधेल. दुसरं, लेखात मी हमची, म्हणजे स्पीकरमधून सतत येणाऱ्या घूं आवाजाची, तक्रार केली होती, तर ते सप्लायमध्ये वीज साठवणारे कपॅसिटर कमी घातल्याचं लक्षण आहे, सरळ ४७,००० मायक्रोफॅरड घालायचे होते. तिसरं, दहा वॅटच्या आवाजासाठी नव्वद वॅट जाळणं हा अपव्यय आहे, आठशे रुपयांचा क्लास डी (कमी वीज घेणारा) बोर्ड आणि एक तयार एसएमपीएस (लॅपटॉपच्या चार्जरसारखा स्विचिंग सप्लाय) आणला असता तर काम झालं असतं. आणि शेवटचं, नागपूरच्या मे महिन्यात हे यंत्र टिकणार नाही.

पहिला मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे. चूक माझीच. तो फोटो पहिल्या चाचणीच्या वेळचा होता, हाताशी जुन्या टेबलफॅनची वायर होती ती जोडली आणि तशीच राहू दिली. अॅल्युमिनियमच्या पेटीवर मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या यायच्या. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी (मेन्सकडच्या) आणि सेकंडरी (सर्किटकडच्या) वेटोळ्यांमधल्या कपॅसिटन्समुळे तेवढी गळती होते, हे मला माहीत होतं आणि म्हणूनच मी ती मनावर घेतली नाही. पण झिणझिण्या येतात याचा सरळ अर्थ पेटी अर्थला जोडलेली नाही. उद्या आतली फेजची वायर सुटून पेटीला टेकली, तर फ्यूज उडायला वाटच नाही, पेटी २३० व्होल्टवर तशीच बसून राहणार. हे मी पाहायला हवं होतं आणि लिहायलाही हवं होतं.

आता तीन कोअरची वायर आहे. अर्थची हिरवी वायर पेटीत शिरल्याबरोबर एका स्वतंत्र बोल्टवर गेली आहे, तिथला रंग कानशीने खरवडून काढला, रिंग लग दाबून बसवला, खाली दातेरी वॉशर घातला. त्या बोल्टवर दुसरं काहीही बांधलेलं नाही. फेज आधी १ अँपियरच्या स्लो-ब्लो फ्यूजमधून, मग स्विचमधून जाते. जुना फोटो काढून टाकला आहे आणि त्या जागी का काढला ते लिहिलं आहे.

इथे एक गोष्ट वाचकांना कळकळीने सांगायची आहे. हम घालवायला प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत, अनुभवी लोकसुद्धा. पिन काढली की हम जातो हे खरं आहे, कारण दोन उपकरणांमधला ग्राउंड लूप, म्हणजे अर्थ आणि सिग्नलच्या वायरींतून बनलेलं बंद वर्तुळ, तुटतो. पण तो तोडायची जागा ती नव्हे. पेटी अर्थला घट्टच राहायला हवी. पेटी आणि आतल्या सर्किटचं ग्राउंड यांच्यामध्ये दहा ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर एक जाडजूड ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडचा संच) घातला की लूपचा करंट अडतो आणि बिघाडाच्या वेळी मोठ्या करंटला वाटही मिळते. आणि घर जुनं असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटची तिसरी पिन तपासून घ्या. कित्येक ठिकाणी तिच्या मागे वायरच नसते.

आता हमकडे येतो. तुमचं म्हणणं मला पटलं नाही ते इथे, आणि त्यासाठीच अँप्लिफायर उघडला होता.

सर्किट ब्रिटिश डिझायनर जॉन लिन्स्ली हूड यांचं आहे, एप्रिल १९६९च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकामध्ये आलेलं. एका चॅनेलला चार ट्रान्झिस्टर. आठ ओहमच्या स्पीकरसाठी २७ व्होल्ट, १.२ अँपियर, आणि त्यातून दहा वॅट. दोन चॅनेल मिळून २.४ अँपियर सतत वाहतात, गाणं चालू असो वा नसो. हाच या सगळ्याचा कळीचा मुद्दा आहे. क्लास एबीचा अँप्लिफायर शांत असताना जेमतेम शंभरेक मिलिअँपियर घेतो, त्यामुळे शांततेत त्याच्या सप्लायवर रिपल (डीसीवर उरलेली चढउताराची लाट) जवळजवळ नसतोच. मोठ्या आवाजात रिपल वाढतो, पण तेव्हा तो संगीताखाली झाकला जातो. क्लास एचं उलट आहे. पूर्ण रिपल सतत हजर असतो आणि आवाज जितका कमी, तितका तो उघडा पडतो. माझ्याकडचे वीस हजार मायक्रोफॅरड, २.४ अँपियर आणि सेकंदाला शंभर वेळा चार्जिंग, म्हणजे रिपल साधारण १.२ व्होल्ट. तुम्ही सांगता तसे ४७,००० घातले तर तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास येईल. सुधारणा आहे, पण हम त्याने जाणार नाही. शिवाय कपॅसिटर जितका मोठा, तितके चार्जिंगचे धक्के अरुंद आणि उंच होतात, ट्रान्सफॉर्मर आणि डायोड जास्त तापतात.

म्हणून मी कपॅसिटन्स मल्टिप्लायर घातला, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या मदतीने छोट्या कपॅसिटरकडून मोठ्याचं काम करून घेणारं सर्किट. एक टीआयपी१४२ डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला एक किलोओहमचा रेझिस्टर आणि हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बस. बेसवरचा रिपल सहाशे पटींहून जास्त खाली येतो आणि एमिटर बेसच्या मागे चालतो, त्यामुळे १.२ व्होल्टचे दोन मिलिव्होल्ट उरतात. बदल्यात पावणेचार व्होल्ट सोडावे लागतात आणि नऊ वॅट उष्णता त्या ट्रान्झिस्टरमध्ये जाते, म्हणून त्यालाही हीटसिंक हवा. २४ व्होल्टच्या सेकंडरीतून रेक्टिफायरनंतर एकतीस मिळतात, मल्टिप्लायरनंतर सत्तावीस. गणित छान जुळतं. हे रेग्युलेटर नव्हे हे मात्र लक्षात ठेवायचं. मेन्स २४५ झाली की इथलेही व्होल्ट चढतात.

तर मल्टिप्लायर बसवला, सप्लाय मोजला, रिपल दोन-तीन मिलिव्होल्ट. आणि हम जसाच्या तसा!

मागच्या लेखात मी तक्रार केली ती याच हमची, फक्त कारण तेव्हा मला कळलं नव्हतं. मी काळी एक पट्टीतला तानपुरा ऐकत होतो. जोडीच्या तारा १३८ हर्ट्झच्या थोड्या वर, आणि पहिली पंचमाची तार त्याच्या पाऊणपट, म्हणजे १०४ हर्ट्झच्या जवळ. आपल्या मेन्सचा रिपल बरोबर १००. पंचम छेडला गेला की त्याच्याशेजारी एक उतरलेला, न हलणारा पंचम ऐकू यायचा आणि दोघांमध्ये सेकंदाला चार वेळा लाट फिरायची. तानपुरा नीट लागलेलाच नाही असं वाटायचं. ज्याला या आवाजाची आवड आहे त्याच्यासाठी हे सोसण्यासारखं नाही, आणि म्हणून मी त्याचा पिच्छा सोडला नाही.

परवा रात्री पेटी उघडली, इनपुट शॉर्ट केलं, मीटर एसी मिलिव्होल्टवर लावून स्पीकरच्या टोकांवर ठेवला. शंभरेक मिलिव्होल्ट. इनपुटच्या ग्राउंडची काळी वायर मी पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्ह स्क्रूवर आणली होती, पण रेक्टिफायरच्या निगेटिव्हकडून येणाऱ्या वायरच्या मधल्या सांध्यावरून. म्हणजे जेमतेम पंधरा सेंटिमीटर वायर दोघांत सामाईक होती. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, पंधरा सेंटिमीटर, म्हणजे अडीच मिलिओहम. कुणी ढुंकूनही पाहणार नाही असा रोध. पण रेक्टिफायर कपॅसिटर भरतो तो सलग नव्हे, दर दहा मिलिसेकंदांत दोन-तीन मिलिसेकंदच, आणि तेवढ्या वेळात दहा अँपियरचा धक्का त्या वायरमधून जातो. दहा अँपियर गुणिले अडीच मिलिओहम, पंचवीस मिलिव्होल्ट. हे पंचवीस मिलिव्होल्ट अँप्लिफायरच्या दृष्टीने इनपुटच आहे. तो इमानदारीने ते तेरा पट करतो आणि स्पीकरवर तीनशेच्या वर मिलिव्होल्टचे टोकदार धक्के देतो. मीटर सरासरी दाखवतो म्हणून शंभर दिसत होते.

काळी वायर सोडवली आणि मगरचिमट्याने मल्टिप्लायरनंतरच्या कपॅसिटरच्या निगेटिव्हला लावली. मीटर एक मिलिव्होल्टच्या खाली गेला. वूफरच्या कोनला कान लावला तरी काही नाही. चिमटा काढून परत जुन्या जागी लावला, हम परत आला. चार-पाच वेळा असं केलं, कारण विश्वास बसत नव्हता. मग सोल्डर केली. आता रेक्टिफायर आणि पहिल्या कपॅसिटरमधल्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन, आखूड आणि जाड, त्या दोघांशिवाय कुणाच्याही नाहीत. बाकी सगळी ग्राउंडं एका बिंदूवर येतात, आणि तो बिंदू त्या धक्क्यांच्या वाटेबाहेर आहे.

सर, मी तेव्हाच ४७,००० चे कपॅसिटर आणून घातले असते, तर धक्के अजून उंच झाले असते आणि हम वाढला असता. मी मग आणखी मोठे कपॅसिटर आणले असते.

विजेच्या अपव्ययाबद्दल तुमचा आकडा मला मान्य आहे, भिंतीतून साधारण नव्वद वॅटच जातात. जुन्या पद्धतीच्या छताच्या पंख्याहून थोडे जास्त. रोज दोन तास ऐकलं तर महिन्याला साडेपाच युनिट. दिवसभर चालू ठेवायचं यंत्र हे नव्हे, आणि स्वयंपाकघरात माझ्याकडेही टीपीए३११६ या आयसीचा छोटा क्लास डी बोर्डच आहे, बातम्या आणि सकाळची गाणी त्यावरच लागतात. कानाला मोठा फरक कळतो असा दावाही मी करत नाही. नीट बायस केलेल्या (शांत असतानाचा करंट योग्य लावलेल्या) क्लास एबीमध्ये एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम जातानाची खोच इतकी बारीक असते की डोळे बांधून मला ती ओळखता येणार नाही.

पण ज्याला शिकायचं आहे त्याच्या हातात काय द्यायचं, हा माझा प्रश्न आहे. त्या बोर्डवरचा आयसी बंद पेटी आहे. तो बिघडला की फेकायचा. इथे चार ट्रान्झिस्टर आहेत, प्रत्येकाच्या प्रत्येक पायावर किती व्होल्ट असायला हवेत हे तुम्ही कागदावर काढू शकता आणि साध्या मल्टिमीटरने पडताळू शकता. एक प्रीसेट (छोटा फिरवता रेझिस्टर) फिरवून मधला बिंदू साडेतेरा व्होल्टवर आणायचा, दुसरा फिरवून करंट १.२ वर. आणि सप्लायमध्ये जराशी चूक असली की हे सर्किट ती स्पीकरमधून ऐकवतं. माझ्या लेखातला खरा धडा पॉवर सप्लायचाच होता. अडीच मिलिओहम म्हणजे काय हे मला पंधरा वर्षं सोल्डरिंग करून कळलं नव्हतं, ते परवा रात्री कळलं.

एसएमपीएसची तुमची सूचना मात्र घेतली पाहिजे. जो पहिल्यांदाच बांधतोय आणि ज्याने २३० व्होल्टच्या जोडण्या कधी केलेल्या नाहीत, त्याने चांगल्या बनावटीचा, प्लास्टिकच्या बंद आवरणातला २४ व्होल्ट ५ अँपियरचा तयार अॅडॅप्टर घ्यावा. क्लास ए सतत एकसारखा करंट ओढतो, असला भार एसएमपीएसला सोपा जातो. दहाऐवजी सात-साडेसात वॅट मिळतील, घरातल्या खोलीला ते पुरतात. अॅडॅप्टर तीन पिनचाच हवा. हे मूळ लेखात वर घातलं आहे.

मे महिन्याचं गणित सरळ आहे. एका चॅनेलचे बत्तीस वॅट, हीटसिंक ०.७ अंश प्रति वॅटचा, म्हणजे खोलीपेक्षा तेवीस अंश वर. बाहेर ४५ धरले तर हीटसिंक ६८. अभ्रकाची चकती आणि थर्मल पेस्ट धरून ट्रान्झिस्टरचं आवरण ७६, आतला सिलिकॉनचा तुकडा १००. यातल्या २एन३०५५ या पॉवर ट्रान्झिस्टरची मर्यादा २०० आहे. म्हणजे ट्रान्झिस्टर टिकेल. कपॅसिटरची काळजी करा. त्यांचं आयुष्य दर दहा अंशांना निम्मं होतं, म्हणून १०५ अंशांचे घ्या आणि हीटसिंकपासून लांब बसवा. आणि २एन३०५५ खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत एका दुकानातून मी चार आणले होते, त्यातले दोन पहिल्याच दिवशी गेले. एकाचं झाकण करवतीने कापलं, तर आतला तुकडा मोहरीपेक्षा जरासा मोठा. त्याच्याशेजारी जुन्या अस्सल ट्रान्झिस्टरचा तुकडा कापून ठेवला, तो मुगाच्या डाळीपेक्षाही मोठा होता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही आणि ती तुमच्या क्षेत्रातली आहे, म्हणून विचारतो. स्पीकर आता पूर्ण शांत आहेत, पण ट्रान्सफॉर्मर स्वतः गुणगुणतो. २४ व्होल्ट ८ अँपियरचा, ईआय स्टॅम्पिंगचा (E आणि I आकाराच्या लोखंडी पट्ट्यांचा), इथल्याच एका कारागिराकडून वाइंड करून घेतलेला. चारही बोल्ट आवळले, खाली रबर घातलं. रात्री खोली शांत झाली की तरी ऐकू येतो. त्याने वाइंडिंगनंतर वरवर ब्रशने वार्निश लावलं होतं, बुडवून भट्टीत सुकवलेलं नाही. आता तयार ट्रान्सफॉर्मर गरम करून वार्निशमध्ये बुडवला तर ते पट्ट्यांच्या आतपर्यंत पोचेल का, की सगळं सोडवून पुन्हा भरावं लागेल? तुम्ही असं काम जवळून पाहिलं असेल, तर इथेच खाली लिहा. तोपर्यंत मी त्याला हात लावत नाही.