तुझ्या दासीलाही विसावा

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका प्रवचनाचा व्हिडिओ आला. उपदेशक अगदी तळमळीने सांगत होते, "जग आठवड्याला नव्वद तास राबायला तयार आहे आणि आपण प्रभूच्या सेवेत दमलो म्हणतो! विश्रांती स्वर्गात मिळेल." खाली धडाधड 'आमेन' पडत गेले. आईनेही लिहिलं. मी तेव्हा रात्रपाळी उरकून बसमध्ये बसले होते, डोळे चुरचुरत होते. बोट की-बोर्डवर ठेवलं, पण आमेन काही लिहवेना.

नव्वद तासांचा वाद वाचकांना ठाऊक आहेच. २०२३ साली एका ज्येष्ठ उद्योजकांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका बड्या कंपनीच्या प्रमुखांनी आकडा ९० वर नेला आणि रविवारीही कामाला बोलावता येत नाही याची खंत बोलून दाखवली. त्यावर देशभर संताप उसळला. तो रास्तच होता. मला वाईट याचं वाटतं, की ज्या ख्रिस्ती मंडळीकडे शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातला एक दिवस काम थांबवून विसावा घेण्याची, आज्ञा आहे तिच्या व्यासपीठावरूनही त्याच आकड्याचा चाबूक ओढला जावा.

मी जर्मनीत वृद्धांच्या एका निवासात नर्स आहे. इथे यायच्या आधी मायदेशी एका रुग्णालयात होते. तिथे एकदा सलग एकवीस दिवस एकही सुट्टी न घेता ड्यूटी केली. रविवारी पाळी सुटली की युनिफॉर्मवरच उपासनेला पळायचं, मग संडे स्कूल, मग तरुण संघाची सभा. सगळे म्हणायचे, पोरगी मोठी कष्टाळू, प्रभूने हिला बळ दिलंय. मलाही तसंच वाटायचं. खरं तर त्या काळात मी उपासनेत उभी राहून झोपत असे आणि घरी आल्यावर धाकट्या भावावर खेकसत असे.

इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात एक गोष्ट घडली. ड्यूटीचा तक्ता भिंतीवर लागतो. मी दोन रविवार काम केलं होतं आणि तक्त्यात माझ्या नावापुढे पुढच्या आठवड्यातले बुधवार-गुरुवार हिरव्या पेनाने रंगवलेले होते. मी वॉर्डप्रमुख बाईंना म्हटलं, मला सुट्टी नको, मी येते. त्या शांतपणे म्हणाल्या, "हा दिवस तुझ्या मर्जीवर नाही." इथला कायदाच तसा आहे. रविवारी काम करून घेतलं तर दोन आठवड्यांच्या आत बदली सुट्टी द्यावीच लागते आणि वर्षातले किमान १५ रविवार मोकळे ठेवावे लागतात. त्याच्या मुळाशी राज्यघटना आहे. १९१९ च्या घटनेत रविवारला 'कामापासून विसाव्याचा आणि आत्मिक उन्नतीचा' दिवस म्हणून संरक्षण मिळालं आणि १९४९ च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे आजच्या राज्यघटनेने, ते कलम जसंच्या तसं ठेवलं. बर्लिनने नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडायची मुभा दिली, तेव्हा तिथली प्रोटेस्टंट आणि कॅथलिक मंडळी सर्वोच्च घटनात्मक न्यायालयात गेली आणि २००९ मध्ये न्यायालयाने ती मुभा घटनेत बसत नाही असं ठरवलं.

'तुझ्या मर्जीवर नाही' हे वाक्य मला फार दिवस पुरलं. लहानपणापासून दहा आज्ञा तोंडपाठ, पण चौथी, ही शब्बाथाची आज्ञा मी नेहमी स्वतःपुरतीच ऐकली होती : मी चर्चला जावं, मी काम करू नये. आज्ञेचे शब्द मात्र एका माणसावर थांबत नाहीत. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी जनावरं, तुझ्या वेशीच्या आतला परका. ही आज्ञा ज्याच्या हातात दुसऱ्याचे तास आहेत त्याच्याशी बोलते आहे. बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकात कारण दिलंय ते सृष्टीचं, देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद' या पुस्तकात तीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा कारण बदलतं : तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. म्हणजे फारोच्या, मिसरच्या राजाच्या, विटा पाडताना तुला सुट्टी नव्हती ना? मग तू कुणाचा फारो होऊ नकोस. त्या वेशीच्या आतली परकी बाई आज मीच आहे, म्हणून कदाचित हे इतकं टोचलं.

आणि हे शिकवायला देवाने कायद्याआधी भाकर वापरली. मिसरातून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात देवाकडून मिळणारं अन्न, मान्ना, रोज दिवसापुरताच, साठवला तर किडे पडायचे. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा आणि तो सातव्या दिवशी टिकायचा. तरी काही लोक सातव्या दिवशी गोळा करायला बाहेर पडलेच. मला त्या लोकांचा राग येत नाही. चार पिढ्या दास्यात गेल्यावर 'आज नाही गेलो तर उद्या काय' ही भीती हाडात मुरते. आपल्या समाजातली कितीतरी घरं अशा भीतीतून वर आली आहेत. आजोबा-पणजोबांना हातावर पोट घेऊन जगावं लागलं. त्यांच्या नातवंडांना 'थोडं थांबा' म्हणणं सोपं नाही आणि दूर देशात बसून म्हणणं तर मुळीच नाही.

म्हणूनच मायदेशात रविवारची सुट्टी कशी आली हेही सांगायला हवं. आपल्यातले पुष्कळजण समजतात की साहेबाचा धर्म ख्रिस्ती म्हणून ती आपसूक मिळाली. पण मुंबईच्या गिरण्यांची चाकं साहेबाच्या राज्यातही रविवारी फिरतच होती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना एकत्र केलं, अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा कुठे १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. पण 'तुझा दास, तुझी दासी' ही ओळ त्यांनी आपल्यातल्या कित्येकांपेक्षा जास्त खरी केली असं मला मनापासून वाटतं.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र नाही. मी जाते त्या चर्चमध्ये रविवारी मोजकी पांढरी डोकी असतात. बाहेर रस्ते शांत, दुकानं बंद, आणि आमच्या निवासातल्या कितीतरी आजी-आजोबांना हाच दिवस सर्वांत लांब जातो. दुपारभर दाराकडे बघत बसतात. काम थांबवणं कायद्याच्या हातात आहे. विसावा देणं नाही. मला तर मोकळ्या दिवशीही तो मिळत नसे. कुणी आजारी पडलं की फोन यायचा, आज येशील का? मी दरवेळी हो म्हणायचे. पैशांसाठी नव्हे. माझ्यावाचून अडतंय, हे ऐकायला बरं वाटायचं म्हणून. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन" हे वचन मी किती पेशंटांना वाचून दाखवलं असेल. स्वतःचा भार तेवढा खाली ठेवला नव्हता.

'मग येशूने शब्बाथ दिवशी काम केलंच की,' असं मला आमच्या एका वडीलधाऱ्यांनी ग्रुपवर सुनावलं. केलं. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं कमरेत वाकलेली एक बाई आहे. सभास्थानाचा अधिकारी चिडतो, सहा दिवस आहेत की बरं व्हायला! येशू त्याला विचारतो, तुम्ही शब्बाथ दिवशी बैल दावणीचा सोडून पाण्याला नेत नाही का? मग अठरा वर्षं बांधलेल्या या अब्राहामाच्या मुलीला सोडायला नको? त्याने शब्बाथ दिवशी जे केलं ते सोडवण्याचं काम होतं. रविवारी एखाद्या आजींची कूस बदलताना मला ते आठवतं आणि मन निवांत असतं. पण त्याच येशूने, लोकांची ये-जा इतकी की जेवायलाही सवड नाही, असं पाहून शिष्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या म्हटलं. तो स्वतः वादळात तारवाच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता. आणि झुडपाखाली पडून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, मग परत उठवून खायला लावलं. प्रवास लांबचा आहे, हे देवाला माहीत होतं.

'विश्रांती स्वर्गात' म्हणणाऱ्या त्या उपदेशकांना मला एवढंच विचारावंसं वाटतं, की मग ही आज्ञा पृथ्वीवर का दिली?

आमच्या मंडळीत रविवारी सकाळची उपासना, संडे स्कूल, महिला मंडळ, तरुण संघ आणि संध्याकाळची प्रार्थना असते. पाळकसाहेब या सगळ्यांत, आणि सोमवारी कुणाकडे मयत झालं तर तिथेही. आठवड्यातला एक दिवस त्यांचा फोन कुणी दुसऱ्याने घ्यावा, महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर चर्चला सरळ कुलूप लावावं, लोकांनी आपापल्या घरी जावं, झोपावं, पोरांशी बोलावं, असं मी कमिटीला लिहून कळवलंय. उत्तर यायचंय.

परवा आईला फोन केला. त्या आमेनवरून आमचं थोडं वाजलं, मग निवळलं. बोलता बोलता मी विचारलं, "आई, चर्च झाडायला मावशी येतात ना, पहाटे पाचला, त्यांची सुट्टी कुठल्या वारी असते गं?"

आई गप्प झाली. मागे पंख्याचा आवाज येत होता.

"अगं, ती तर रोजच असते," ती म्हणाली. आणि मग जरा वेळाने, "थांब, तिलाच विचारते उद्या."