सहा महिन्यांपर्यंत

मी मुळात आळशी माणूस. गाडीला लावायच्या मेणाचा शोध मी निव्वळ आळसापोटी सुरू केला, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला हौशी म्हणणार नाही. माझा हिशोब साधा होता. एकदाच काय ते चांगलं, टिकाऊ मेण आणायचं, रंगाला आणि चाकांना फासायचं आणि मग वर्षभर गाडीकडे ढुंकूनही बघायचं नाही.

गाडी काळी आहे. घेताना “काळा रंग कसा भारदस्त दिसतो” असं मीच म्हणालो होतो. आणि तो दिसतोही, धुतल्यापासून साधारण चाळीस मिनिटं. त्यानंतर धूळ दिसते, बोटांचे ठसे दिसतात, पाण्याचे वाळलेले गोल डाग दिसतात, आणि रात्री दिव्याखाली गाडी लावली की आजवर ज्या ज्या फडक्यानं ती पुसली त्या प्रत्येकाचे ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. पांढऱ्या गाडीवाल्यांना हे कळणार नाही. ते सुखी लोक आहेत.

“आयुष्यात कुणाला मस्का लावायला जमलं नाही तुम्हाला,” बायको म्हणाली, “आता गाडीला मेण लावणार?”

दुकानातल्या फळीसमोर उभा राहिलो तेव्हा कळलं की मेण ही एक वस्तू नाही, ते अठरापगड खटलं आहे. घट्ट मेण, पातळ मेण, फवाऱ्याचं मेण, मेण नसलेलं मेण. आणि जवळजवळ प्रत्येक डबीवर एकच वचन. मनातल्या मनात मी त्याचं मराठी केलं: ‘सहा महिन्यांपर्यंत संरक्षण’. यातला ‘पर्यंत’ व्याकरणात शब्दयोगी अव्यय आहे आणि मेणाच्या डबीवर पळवाट. आठ दिवसही सहा महिन्यांपर्यंतच्या आतच येतात. पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मला फक्त ‘सहा महिने’ दिसले.

पहिली डबी आणली ती कार्नौबाची. हे मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर येतं. कोरड्या हवेत पानातला ओलावा उडू नये म्हणून झाड स्वतःच पानांना हे लावून घेतं. माणसं ती पानं तोडतात, वाळवतात, झोडपतात आणि मेण गोळा करतात. नैसर्गिक मेणांतलं हे सगळ्यात कडक, वितळायला 80 अंशांच्या वर जावं लागतं. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर आणि औषधाच्या गोळ्यांवरही तेच असतं. म्हणजे मी जे गाडीला लावत होतो ते लहानपणापासून खात आलो होतो. ही माहिती मी घरात सांगितली तेव्हा लेकीनं हातातली गोळी खाली ठेवली.

झाडाचं बघा, ते आपल्या पानांना स्वतः मेण लावतं. माझ्या गाडीची अपेक्षा होती की ते मी लावावं.

लावण्याची कृती डबीवर चार ओळींत होती. मी ती वाचली आणि भर उन्हात, तापलेल्या बॉनेटवर, भाकरीवर लोणी माखावं तसा जाड थर दिला. सावलीत, थंड पत्र्यावर, दिसेल न दिसेल इतका पातळ थर द्यायचा असतो. हे पाचव्या ओळीत असतं, आणि पाचवी ओळ डबीच्या बुडाला. मेण जागच्या जागी सुकलं आणि असं बसलं की पुसता पुसता दंड भरून आले. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना जे पांढरं लागलं ते लागलंच. पुढचे दोन आठवडे गाडी दूध पिऊन तोंड न पुसलेल्या पोरासारखी हिंडत होती. पण चमक! शेजारी येऊन “पॉलिश मारलंत वाटतं?” म्हणाले. आपल्याकडे गाडीला काहीही चोळलं तरी ते पॉलिशच. खरं तर दोन्ही एकमेकांच्या उलट. पॉलिश रंगाला खातं, मेण रंगाला झाकतं. गाडीवरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे शंभर मायक्रॉन भरतात, त्यातला वरचा पारदर्शक थर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा. दर थोड्या दिवसांनी उठून पॉलिश मारत बसलं तर एक दिवस खालचा प्राइमर नमस्कार करतो. हे सगळं मी शेजाऱ्यांना समजावून सांगितलं. ते आता समोरून येताना फोनवर बोलत असतात.

चमक सहा आठवडे टिकली. पाणी मोत्यासारखं उभं राहायचं ते नंतर पसरट, आळसावून पडायला लागलं.

मग समजलं की टिकाऊपणा हवा असेल तर सीलंट घ्यायचं, म्हणजे कारखान्यात केलेलं मेण. त्याचे महिने खरेच महिने असतात. त्याहून पुढे सिरॅमिक कोटिंग, ते वर्षांच्या भाषेत बोलतं. त्याच्या बाटलीवर ‘कडकपणा 9 एच’ असं लिहिलेलं होतं. मी दबलो. हिऱ्याच्या शेजारचं काहीतरी असणार! लेकीनं बाटली बघितली आणि कंपासपेटीतून पेन्सिल काढून दाखवली. तिच्यावर ‘2 एच’ होतं. तो एच तोच. रंगाचा थर किती कडक हे पेन्सिली ओढून बघायची एक जुनी पद्धत आहे, आणि 9 एच म्हणजे त्यातल्या सगळ्यात कडक पेन्सिलीनंही ओरखडा उठला नाही, एवढंच. गाडीवर पेन्सिलीनं हल्ला करणारा कोणी माझ्या ओळखीत नाही. बाटली परत ठेवली.

सीलंटचं ठरलं. पण सीलंट मेणावर धरत नाही. सीलंटवर मेण चालतं, मेणावर सीलंट नाही. आणि माझ्या गाडीवर तर मेण. म्हणजे जे दंड भरेपर्यंत बसवलं ते आता उतरवायचं. भांडी घासायचा साबण, जो एरवी गाडीला लावू नये म्हणतात, तो यासाठी मात्र चालतो. त्यानं गाडी धुतली, नंतर स्पिरिटनं पुसली. आता गाडी उघडीबोडकी झाली, आणि उघड्याबोडक्या रंगाची परीक्षा एका साध्या पिशवीनं होते. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि धुतलेल्या बॉनेटवरून हलकेच फिरवायचा. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागतं ते पिशवीतून पॉलिश पेपरसारखं खरखरतं. रंगात रुतून बसलेले बारीक कण, झाडांचा चीक, डांबराचे ठिपके. मी पिशवी घातलेला हात गाडीवरून फिरवत डोळे मिटून उभा होतो, तेव्हा वरच्या मजल्यावरून कोणीतरी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

हे कण काढायला क्ले नावाची चिकणमातीसारखी वडी मिळते. पत्र्यावर साबणाचं पाणी मारून ती फिरवायची. एकच दंडक: वडी खाली पडली की फेकून द्यायची, कारण जमिनीवरची खर तिला चिकटते. फुंकर मारून परत वापरायची नाही. मी फुंकर मारली. त्याची खूण मागच्या उजव्या दारावर आहे, ऊन तिरपं असलं की दिसते.

चाकांबद्दल मी आतापर्यंत बोललो नाही कारण तो विषय निघाला की माझा आवाज चढतो. ब्रेक लागला की डिस्क आणि पॅड घासून लोखंडाचे तापलेले कण उडतात, चाकावर बसतात आणि तिथंच गंजून घर करतात. पुढच्या चाकांवर जास्त, कारण थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात. (आमच्या गाडीत डाव्या सीटवरूनही एक ब्रेक दाबला जातो, पण त्यानं फक्त पायपुसणं झिजतं.) ही काळी बुकटी साबणाला दाद देत नाही. तिच्यासाठी एक द्रव फवारायचा असतो, जो लोखंडाला भेटला की जांभळा होतो. मी फवारला आणि आत हात धुवायला गेलो. दोन मिनिटांत लेक धावत आली, “बाबा, चाकातून रक्त येतंय!” खरोखरच अलॉयच्या प्रत्येक आऱ्यावरून जांभळे ओघळ खाली उतरत होते. आणि वास! सडक्या अंड्याचा थोरला भाऊ. बायको दारातूनच म्हणाली, “अहो, हा वास मला माहितीय. पार्लरमधला आहे.” तिचं बरोबर होतं. त्या द्रवातलं थायोग्लायकोलेट केस काढायच्या क्रीममध्ये आणि केस कुरळे करायच्या औषधातही असतं. चार चाकं, प्रत्येकाचे पाच आरे, प्रत्येक आऱ्याची मागची बाजू, प्रत्येक नटाचा खड्डा. जुना टूथब्रश घेऊन मी इतका वेळ उकिडवा बसलो की उठताना गाडीलाच धरून उठलो, आणि दारावर पाचही बोटं उमटली.

आता शेवटच्या फेरीत दोन सीलंट उरली होती. दोन्ही चाकांना चालणारी, दोन्हींवर तेच सहा महिने, तेच ‘पर्यंत’. यातलं खरं कोण हे ठरवायचा एकच मार्ग होता. मी बॉनेटच्या मधोमध उभी कागदी चिकटपट्टी मारली. एका बाजूला पहिलं, दुसऱ्या बाजूला दुसरं. चाकांचंही तसंच, डावी दोन एकाला, उजवी दोन दुसऱ्याला. रात्रभर सुकू दिलं. पट्टी काढली. वहीत तारखेसह नोंद केली. इतकी पद्धतशीर गोष्ट मी नोकरीतही कधी केली नव्हती.

चार महिने गाडी साध्या शाम्पूनं धुतली आणि वाट बघितली. मधे गाडी सर्व्हिसिंगला गेली. परत आली तेव्हा मेकॅनिक कौतुकानं म्हणाला, “साहेब, टायर सारखे झिजावेत म्हणून चाकं क्रॉस करून फिरवलीत.” मी त्याचे आभार मानले. दुसरं काय करणार? चाकांचा प्रयोग तिथं संपला.

बॉनेटचा मात्र शाबूत होता. परवा पाऊस आला. मी छत्री न घेताच धावलो. आणि खरंच, बॉनेटच्या मधोमध कोणी पट्टी लावून आखावी तशी रेघ! एका बाजूला टपोरे, टणक, एकमेकांना न शिवणारे थेंब, दुसऱ्या बाजूला पाणी ताटात सांडल्यासारखं फताडं पसरलेलं. निकाल लागला होता. मी भिजत ओरडलो, “डावीकडचं जिंकलं!” बायको छत्री घेऊन आली, लेक वही घेऊन आली.

“डावी म्हणजे पहिलं,” लेकीनं वाचलं. मग तिनं मान वर केली. “पण बाबा, डावी म्हणजे गाडीत बसून डावी, की गाडीसमोर उभं राहून?”

मी वही हातात घेतली. ‘डावी’ या शब्दाशेजारी मी तेव्हा, पुढे घोटाळा नको म्हणून, मुद्दाम एक बाण काढून ठेवला होता. तो वर दाखवत होता.