कर्जबुडवे म्हणण्याआधी: पॉप्युलिस्ट लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या पॉप्युलिस्ट चळवळीवरचा, म्हणजे 1890 च्या दशकातल्या कर्जात रुतलेल्या शेतकऱ्यांच्या राजकीय चळवळीवरचा माझा लेख तुम्ही मन लावून वाचलात आणि परखडपणे लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा मुख्य आक्षेप असा: या शेतकऱ्यांनी राजीखुशीने कर्ज काढलं, फेडायची वेळ आल्यावर ‘नोटा छापा, चांदीची नाणी पाडा’ असा धोशा लावला, आणि मी या कर्जबुडवेगिरीला न्यायाचा लढा म्हणून रंगवलं. दुसरं, 1896 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत चांदीच्या नाण्यांचे पुरस्कर्ते विल्यम जेनिंग्ज ब्रायन हरले, डॉलर सोन्याशीच बांधलेला ठेवणारे जिंकले आणि लगेच भरभराट आली. मग चूक कोणाची हे सिद्धच झालं.

चांदीबद्दलचं तुमचं बरंचसं म्हणणं मला मान्य आहे. ‘कर्जबुडवे’ मात्र नाही.

आधी डॉलरकडे बघू. यादवी युद्धात, 1862 पासून, सरकारने ग्रीनबॅक नोटा काढल्या. त्यांच्या बदल्यात सोनं मिळत नव्हतं. युद्धानंतर शेतकऱ्यांनी जमिनी घेतल्या, कर्जं काढली ती याच नोटांत. पुढे 1873 च्या कायद्याने चांदीचा डॉलर टांकसाळीच्या यादीतून गेला, म्हणजे तो पाडणं थांबलं, आणि 1 जानेवारी 1879 पासून ग्रीनबॅकच्या बदल्यात सोनं मिळू लागलं. ग्रीनबॅकचा आकडा तर 1878 मध्येच सुमारे 34.7 कोटी डॉलरवर गोठवला होता. 1870 मध्ये 3 कोटी 86 लाखांच्या आसपास असलेली देशाची लोकसंख्या 1890 मध्ये 6 कोटी 29 लाखांवर गेली, रेल्वे आणि शेती त्याहून वेगाने वाढली. पैसा त्या मानाने वाढला नाही आणि भाव उतरत गेले. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला बुशेलला (धान्य मोजायचं माप) डॉलरच्या आसपास असलेला गहू 1894 मध्ये अर्ध्या डॉलरवर आला होता. हजार डॉलरचं कर्ज कागदावर हजारच राहिलं, पण ते फेडायला हजार बुशेलऐवजी दोन हजार बुशेल गहू विकावा लागू लागला. कराराचा अर्थ बदलला तो आधी धनकोच्या बाजूने. हे सांगणाऱ्याला बुडव्या का म्हणायचं?

तुम्ही म्हणता, गहाणखतं तीन ते पाच वर्षांचीच असत, म्हणजे भाव पडणार हे धरूनच व्याज ठरलं असणार. मुद्दा चांगला आहे, रेल्वेचं भाडंही त्या काळात उतरलं हेही खरं. पण त्या कर्जांत हप्त्याने मुद्दल फिटत नसे. मुदत संपली की सगळी रक्कम एकदम देणं किंवा नवं गहाणखत करणं, एवढंच हातात. ते नवं गहाणखत पडलेल्या भावाच्या वर्षी, धनकोच्या अटींवर व्हायचं.

आणि दक्षिणेत तर गहाणखतापर्यंत गोष्ट जातच नव्हती. तिथे गावातल्या दुकानदाराची वही होती. वसंतात कापूस उत्पादक दुकानात जायचा, पीठ, खारवलेलं मांस, मीठ, कापड उचलायचा. दुकानात भाव दोन, रोखीचा एक आणि उधारीचा त्याहून कितीतरी चढा. त्या चढ्या भावावर वर व्याज. तारण काय, तर अजून न पेरलेला कापूस. सुगीला कापूस दुकानदाराकडे जायचा, तो वहीतल्या आकड्याशी ताडून बघायचा, आणि बहुतेकदा बाकी उरायचीच. मग पुढच्या वर्षाचं पीकही त्याच दुकानदाराकडे तारण, दुसऱ्याकडे जायची सोयच नाही. मका लावतो म्हटलं तर दुकानदार म्हणणार, कापूसच लाव, तोच विकला जातो.

बँक का नव्हती? होती, पण त्यांच्यासाठी नव्हती. राष्ट्रीय बँकांना जमीन तारण ठेवून कर्ज द्यायला कायद्यानेच बंदी होती, आणि लहान गावातसुद्धा बँक काढायला 50,000 डॉलर भांडवल लागायचं. सुगीत सगळ्यांचा माल एकदम बाजारात, पैसा नेमका तेव्हाच दुर्मीळ, म्हणून भाव वर्षातला सगळ्यात पडलेला.

म्हणूनच माझ्या लेखात चांदीपेक्षा जास्त जागा शेतकऱ्यांचे नेते चार्ल्स मॅक्यून यांच्या सबट्रेझरी योजनेला होती. तुमच्या प्रतिक्रियेत तिचा एका शब्दाने उल्लेख नाही, याची खंत वाटली. 1889 च्या डिसेंबरात सेंट लुईसला शेतकरी अलायन्सने (ज्या शेतकरी संघटनेतून पॉप्युलिस्ट चळवळ उभी राहिली) ती मांडली: सरकारने गोदामं बांधावीत, शेतकऱ्याने माल ठेवावा, बाजारभावाच्या 80 टक्के रक्कम सरकारी नोटांत, वर्षाला 1 टक्का व्याजाने मिळावी, आणि भाव चढला की त्याने माल विकून पैसे परत करावेत. यात फुकट काही नाही. प्रत्येक नोटेमागे गोदामात कापूस किंवा गहू आहे. सुगीत पैसा वाढतो, माल विकला गेला की परत आटतो. अमेरिकेच्या संसदेत, काँग्रेसमध्ये, विधेयक आलं, मंजूर झालं नाही.

चांदी ही यातली सगळ्यात कच्ची मागणी, इथे मी तुमच्या बाजूने आहे. 16 भार चांदीला 1 भार सोनं हे प्रमाण पॉप्युलिस्ट पक्षाच्या 1892 च्या ओमाहा जाहीरनाम्यात होतं, पण 1896 पर्यंत बाजारात ते 30 च्या घरात गेलं होतं. या घसरणीत मुंबईचाही हात आहे. 26 जून 1893 रोजी भारत सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. चांदीचा भाव काही दिवसांतच कोसळला, आणि चार दिवसांनी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द करायला विशेष अधिवेशन बोलावलं. चांदीचा झेंडा पुढे खाणमालकांनी उचलला, त्यांचा पैसा ब्रायन यांच्या प्रचारात आला, आणि दुकानदाराच्या वहीवरचा उपाय मागे पडला. मला या चळवळीची खरी हार इथे दिसते.

एक त्रुटी तुम्ही दाखवली नाहीत, मीच सांगतो. दक्षिणेतल्या अलायन्समध्ये काळ्या शेतकऱ्यांना प्रवेश नव्हता. त्यांची वेगळी अलायन्स होती, आणि 1891 मध्ये कापूस वेचणाऱ्यांनी मजुरीसाठी संप केला तेव्हा आर्कान्सामध्ये तो रक्त सांडून मोडला गेला. हे लेखात यायला हवं होतं, घालतो.

राहिली सोन्याची भरभराट. 1896 नंतर भाव चढले ते दक्षिण आफ्रिका आणि कॅनडातल्या क्लोंडाइकचं सोनं आलं म्हणून, सायनाइडने हलक्या प्रतीच्या खनिजातूनही सोनं काढता येऊ लागलं म्हणून. म्हणजे पैसा वाढला आणि शेतकरी सावरला. पॉप्युलिस्ट वेगळं काय सांगत होते?

आणि सबट्रेझरी? ऑक्टोबर 1933 मध्ये रूझवेल्ट सरकारने कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन हे शेतमालाच्या तारणावर कर्ज देणारं सरकारी महामंडळ काढलं. कापसावर पौंडाला 10 सेंट, मक्यावर बुशेलला 45 सेंट कर्ज. मक्यासाठी गोदामही लागलं नाही. शेतकऱ्याच्या स्वतःच्या कणगीला सरकारी सील लागायचं आणि पैसे हातात यायचे. मॅक्यून यांची योजना मांडून तोवर 44 वर्षं झाली होती.