"मॅडम, गिरगाव नाही, साउथ मुंबई"

आज डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

दुपारी ठाकूरद्वारला काम होतं. एका ओळखीच्या वाडीच्या तोंडाशी आता पत्रे ठोकलेत, त्यांवर टॉवरचं चकचकीत चित्र आणि शेजारी टेबल टाकून बसलेला एक मुलगा. मी सहज विचारलं, "काय रे, गिरगावात काय भाव चाललाय?" तर म्हणतो, "मॅडम, गिरगाव नाही, साउथ मुंबई. ऑपेरा हाउसच्या जवळ." मराठी मुलगा! त्याने दिलेला कागद उलटसुलट करून पाहिला. गिरगाव हा शब्द एकदाही नाही. वाडीचं नाव तर गेलंच, टॉवरला कुठलंसं इटालियन नाव.

अरे, तू बसलायस तो रस्ता कुणाच्या नावाचा आहे? जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे नाना. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, त्या कंपनीच्या संचालकांत होते नाना. मुलींनी शिकावं म्हणून स्वतःच्या वाड्यात शाळेला जागा देणारा माणूस. त्यांचं आपण जे. एस. एस. रोड करून टाकलं. तीन अक्षरं. बसच्या पाटीवर मावावं म्हणून.

आणि याच रस्त्यावर मॅजेस्टिक थिएटर होतं. माझ्या आजोबांचं मॅजेस्टिक.

१४ मार्च १९३१. 'आलम आरा' लागला, आपला पहिला बोलपट. आजोबा तेव्हा पंधरा वर्षांचे. गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले होते. तिकिटाचे पैसे आजोबांकडे असणं शक्यच नव्हतं. मग ते बाजूच्या बोळात शिरले आणि थिएटरच्या भिंतीला कान लावून उभे राहिले. किती वेळ, ते त्यांनाही आठवत नसे. म्हणायचे, "शब्द एक कळला नाही गं. पण आत पडदा बोलतोय, एवढं कळत होतं."

ती भिंत आता नाही. मॅजेस्टिक पाडून शॉपिंग सेंटर झालं, नाव तेवढं राहिलं. सिनेमाचीही एक प्रत आज कुठे सापडत नाही. मला राग कशाचा येतो सांगू? पाडल्याचा नाही, निदान तेवढा नाही. तिथे काय होतं ते कुणी सांगतच नाही, याचा येतो. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावातच कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. अख्ख्या देशाचा सिनेमा आपल्या दारात बोलायला आणि चालायला शिकला, आणि आपण घर विकताना गावाचं नाव लपवतो?

हो, चाळीत राहून बघा म्हणणारे येतीलच कमेंटमध्ये. मान्य. सामाईक संडासाची रांग, पावसाळ्यात गळकं छप्पर, गॅलरीखाली लावलेले टेकू, सगळं भोगलंय. आम्हीही १९९८ला पागडीची खोली सोडून बोरिवलीला गेलो. लोकांना चांगली घरं मिळालीच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही.

पण म्हणून नाव पुसायचं? ज्या ऑपेरा हाउसचा आधार तो मुलगा घेत होता ते बघा ना. १९११ला पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलेलं, १९९३ला बंद पडलेलं, २०१६ला पुन्हा सुरू झालं. मनात आलं की जुनी वास्तू उभी राहते. मग केशवजी नाईकांच्या चाळीसारख्या चाळींना काय कमी आहे? १८९३पासून तिथे गणपती बसतोय, छोटीशी मूर्ती, आजही तशीच. खोताच्या वाडीतली लाकडी जिन्यांची घरं आहेत. प्रार्थना समाज म्हटलं की आपल्याला बसस्टॉप आठवतो. रानडे-भांडारकर तिथे प्रार्थनेला बसत, हे स्टॉपवर उभं राहून कुणाच्या मनात येतं? पाडव्याच्या शोभायात्रेला नऊवारी नेसून फोटो काढायला सगळे येतात. दुसऱ्या दिवशी कोण येतं?

आमच्या चाळीच्या जिन्याची पायरी मधोमध झिजून खोलगट झाली होती. शाळेतून आले की मी त्या खोलगट जागी बरोबर पाऊल टाकायचे. आजोबा म्हातारपणी उतरताना कठडा धरायचे, तो त्यांच्या हाताखाली गुळगुळीत झालेला. त्या जिन्यावर बसूनच त्यांनी मला मॅजेस्टिकची गोष्ट सांगितली होती, आणि सांगताना दर वेळी शेजारच्या भिंतीला खरंच कान लावून दाखवायचे.

एवढं लिहून झालं आणि आता त्या मुलाचा चेहरा आठवतोय. मी जरा जास्तच बोलले त्याला. चोवीस-पंचवीसचा असेल, सकाळपासून उन्हात बसलेला. जे पाठ करून दिलंय ते बोलतो. त्याला कुणी सांगितलं असणार? आणि खरं सांगायचं तर माझ्या लेकीला तरी मी भिंतीची गोष्ट कुठे सांगितलीय? ती बोरिवलीत वाढली. गिरगाव म्हणजे तिला चौपाटीचं विसर्जन.

एवढंच मागणं आहे माझं. वाडी पाडून टॉवर बांधताय, बांधा. पण फाटकावर वाडीचं जुनं नाव मराठीत लिहा, आणि खाली दोन ओळींत इथे काय होतं ते. एका पाटीचा खर्च कितीसा येणार आहे?

रविवारी सकाळी सात वाजता लेकीला घेऊन ठाकूरद्वार नाक्यावरून निघतेय, प्रार्थना समाजापर्यंत चालत. मॅजेस्टिकपाशी जरा थांबणार आहे. जुन्या गिरगावकरांपैकी कुणाला यायचं असेल तर या. तो मुलगा दिसला तर त्यालाही बोलावणार आहे.