भिशी वेगळी, देणगी वेगळी

इंग्लंडातला मराठी माणूस एखाद्या संस्थेसाठी पैसे जमवायला किनाऱ्याने चालायला निघाला आणि देणगीची लिंक त्याने घरच्या ग्रुपवर टाकली, की तिकडून ठरलेला सूर लागतो: ‘फिरायला जायचंय तर खुशाल जा, आमच्याकडून वर्गणी कशाला? द्यायचेच तर गुपचूप द्यावेत.’ यातला गुप्तदानाचा मुद्दा मला पटत नाही. कुणीतरी समोरून मागितलं म्हणून ऑफिसातली वीस माणसं दहा-दहा पौंड देतात. एकट्याच्या गुप्तदानात ती येतच नाहीत. पण ‘आमच्या पैशावर फिरतोय’ ही शंका रास्त आहे. दिंडीत आपल्या जेवणाची, तंबूची भिशी वारकरी आधी भरतो. वाटेत कुणी अन्नदान केलं तर त्याचा हिशोब निराळा. इथेही तेच हवं. प्रवास, कॅम्पसाइट, बूट सगळं पदरचं, आणि देणगीच्या पानावर पहिल्या दोन ओळींत तसं स्पष्ट लिहिलेलं.

यात करही गुंतलेला आहे. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने ‘गिफ्ट एड’च्या चौकोनात खूण केली, की त्याच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मागता येतात. आपल्याकडे देणगीवर आयकरातली ‘८०जी’ची सवलत मिळते ती देणाऱ्याला, आणि नव्या करप्रणालीत तीही नाही. ब्रिटनमध्ये फायदा संस्थेच्या पदरात पडतो, म्हणून लोक ती खूण करायला सांगत सुटतात. साताऱ्याच्या काकांनी मात्र ती करू नये. देणारा ब्रिटनमध्ये तेवढा कर भरत नसेल, तर फरकाची रक्कम त्याच्याच अंगावर येते. शिवाय चालणाऱ्याचा खर्च संस्थेने उचलला, तर त्याच्या जवळच्या नातेवाइकांच्या देणगीवरचं गिफ्ट एड अडचणीत येऊ शकतं.

खरी गाडी अडते ती पैसे गावच्या शाळेला किंवा दवाखान्याला द्यायचे असतात तेव्हा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवले, तर ते परकीय देणगी धरत नाहीत. ओसीआय कार्डवाल्याचे, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचे, धरतात, आणि ऑफिसातल्या इंग्रज सहकाऱ्यांकडून जमवलेले तर धरतातच. मग गावच्या त्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत त्यासाठीचं खातं हवं. ‘मोठ्या संस्थेकडे पाठवू, ती छोटीला देईल’ हा जुना मार्ग २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला. घरी या कायद्यावर दोन टोकांची भांडणं चालतात. चालणाऱ्याने त्यात पडण्यापेक्षा पान उघडण्याआधी संस्थेकडून नोंदणी क्रमांक आणि मुदत लेखी मागवावी. इथली संस्था निवडलीच, तर इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत तिचा जमाखर्च फुकट बघायला मिळतो.

आता ‘फिरण्या’बद्दल. साउथ वेस्ट कोस्ट पाथ ही इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याची पायवाट माइनहेडपासून पूल हार्बरच्या तोंडापर्यंत १०१४ किलोमीटर आहे. एकूण चढ सुमारे ३५,००० मीटर, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेली एकवीस कळसूबाई शिखरं. पूर्ण वाटेला सात-आठ आठवडे लागतात. नोकरदाराने आठवड्याभराचा तुकडा घ्यावा.

बहुतेकांचं चुकतं ते सपाटीच्या हिशोबात. वारीच्या रस्त्यावरचे वीस किलोमीटर आणि इथले वीस सारखे नव्हेत. ‘हार्टलंड की’ (Quay, म्हणजे धक्का) ते ब्यूड हा साधारण २५ किलोमीटरचा टप्पा घ्या: दर ओढ्याला समुद्राच्या पातळीपर्यंत उतरायचं, लगेच पुन्हा कड्यावर चढायचं, आणि हे दिवसभर. फुप्फुसांआधी गुडघे आणि अंगठ्याची नखं बोलू लागतात, कारण उतारावर पाय बुटात पुढे सरकतो. उतरण्याआधी बुटाची घोट्याजवळची नाडी आवळावी. टाच लाल व्हायची वाट न बघता सकाळीच टेप लावावी. तंबू घेऊन चालायचं असेल तरी पाठीवर दहा-बारा किलोंच्या वर ओझं नको.

वाटेतल्या खाड्या बहुतेक होडीने ओलांडता येतात, पण डेव्हनमधल्या अर्म नदीवर होडी नाही. ओहोटीच्या तळाआधी आणि नंतर साधारण एक तास, तेवढ्यातच पाण्यातून चालत जायचं. ती वेळ चुकली किंवा पावसाने नदी फुगली, तर लांबचा वळसा नाहीतर टॅक्सी. यातही एक मेख आहे: भरती-ओहोटीची काही कोष्टकं ग्रीनविच वेळेत छापतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. डॉर्सेटमध्ये लुलवर्थजवळ वाट लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानातून जाते. ते बहुतेक शनिवार-रविवारी खुलं असतं, इतर दिवशी बरेचदा बंद.

म्हणून देणगीदारांना ‘न तुटता पूर्ण वाट’ असा शब्द देऊ नये. दरड कोसळून वळसा पडला तर काय, होडीतलं अंतर चालण्यात धरणार का, वाट अर्ध्यात सोडली तर देणगीचं काय होणार, हे सगळं पहिल्या दिवशीच पानावर लिहावं. हे प्रश्न येतातच, आणि ते येतात तेव्हा पायाला फोड आलेले असतात.