रिपोर्ट नॉर्मल, माणूस नाही

डिप्रेशन हे गोऱ्यांचं दुखणं, भरल्या घरात ते शिरत नाही, असं धुळे-जळगावकडे अजून छातीठोकपणे बोललं जातं. आम्हा परदेशस्थांचंही उत्तर ठरलेलं: ‘आपल्याकडे जागरूकताच नाही.’ दोघांच्याही डोळ्यांसमोर कोपऱ्यात रडवेला बसलेला माणूस असतो, आणि तिथेच गल्लत होते.

इथे ब्रिटनमध्ये हिवाळ्यात येणारा डिप्रेशनचा एक प्रकार आहे. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम 8 तासांचा. झोप वाढते, गोड खावंसं वाटतं, वजन चढतं. त्यावर सकाळी 10,000 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप), म्हणजे खूप प्रखर दिव्यासमोर अर्धा तास बसायला सांगतात. जळगावात तेव्हाही दिवस जवळपास 11 तासांचा असतो, त्यामुळे तो दिवा कुरिअरने गावी पाठवू नका.

खान्देशात हा आजार बऱ्याचदा अंगावाटे बोलतो. हातपाय गळाले, डोकं जड, पहाटे तीनला जाग, ‘करमस नही’. मग सलाईन आणि ताकदीचं इंजेक्शन. दोन दिवस बरं, पुन्हा तेच. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 तपासायलाच हवं, कारण तिथल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. पण रिपोर्ट नॉर्मल आले की ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणून घरी धाडतात. पुरुषांत तर चिडचिड आणि दारूच आधी दिसते. बाळंतिणीचं ‘माहेरची आठवण येते’वर भागवलं जातं.

इथले जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, पीएचक्यू-9 नावाची डिप्रेशनची प्रश्नावली वापरतात: मागच्या दोन आठवड्यांबद्दल 9 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3 गुण. 10 किंवा जास्त आले की नीट तपासणी. कागद चांगला, पण तो निदान नव्हे. आधी कधी झोप न घेता चार-पाच दिवस उधाण आलं होतं का, पैसे उधळले होते का, हे त्यात विचारलेलंच नाही. तो माणूस बायपोलर, म्हणजे उदासी आणि उधाण या दोन टोकांत हेलकावणारा, असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी त्याला उलट्या टोकाला नेऊ शकते.

गोळ्यांचं खरं घोडं पेंड खातं ते वेळेवर. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. मळमळ आणि अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात. म्हणून लोक आठव्या दिवशी सोडतात, नाहीतर बरं वाटताच. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवून, डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते.

इंग्लंडमध्ये समुपदेशनासाठी स्वतः नाव नोंदवता येतं, पण पुढे रांग असते. जळगाव-धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत केसपेपर काढून मानसोपचाराच्या ओपीडीत बसता येतं, आणि 14416 वर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन मराठीतून, फुकट, चोवीस तास बोलते. त्या प्रश्नावलीतल्या नवव्या प्रश्नाचं, म्हणजे जीव नकोसा होण्याचं, उत्तर ‘हो’ असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कपाशीच्या फवारणीचं औषध घरात असेल तर ते आधी शेजाऱ्याकडे, कुलपात.