माळ्याखालचे ७ फूट आणि २३६ सेंटीमीटरचं कपाट

नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया हे स्वीडिश फर्निचरचं दुकान आहे. तिथे पहिल्यांदा निघालेल्या माणसाला सल्ले फुकट मिळतात. चांगले बूट घाल, शनिवार-रविवार टाळ, निघायच्या आधी खाऊन घे. यातला एकही चुकीचा नाही आणि एकही उपयोगाचा नाही. उपयोगाचा सल्ला असा की घरातला मेजरिंग टेप शोधा आणि त्याची सेंटीमीटरची बाजू वापरा. आपली खोली दहा बाय बाराची, माळा ७ फुटांवर, गादी ७२ बाय ७८ इंच. त्या दुकानात प्रत्येक चिठ्ठीवर सेंटीमीटर. पैसे बुडतात ते या दोहोंच्या मधल्या फटीत.

गादीचंच घ्या. तिथले मोठे पलंग १८० बाय २०० सेंटीमीटरचे. ‘आपली जुनी गादी चांगली आहे, फक्त पलंग घेऊ,’ असं घरोघरी ठरतं. आता ७२ इंच म्हणजे १८३ सेंटीमीटर. तीन सेंटीमीटरने काय होतंय? होतं एवढंच, की कडेच्या फळ्यांमध्ये गादी बसत नाही, कोंबली तर मधे फुगते, आणि फुगवट्यावर कोणी झोपायचं यावरून घरात बोलणी होतात. गादी ७५ इंची असेल तर लांबी १९० च्या आसपास, म्हणजे पायथ्याशी बोटभर नव्हे, चांगली अर्ध्या वितीची खाच. मोबाईल रात्री तिथेच पडतो. शिवाय पलंगाची चौकट, खालच्या पट्ट्या आणि गादी या बऱ्याचदा तीन वेगळ्या वस्तू असतात. चौकटीची किंमत बघून खूश होऊ नका, चिठ्ठी शेवटपर्यंत वाचा.

आत शिरल्यावर रस्ता एकच. जमिनीवर बाण, दोन्ही बाजूंना सजवलेल्या खोल्या, मागे लोक, पुढे लोक. पंढरपूरची दर्शनबारीच, फरक इतकाच की इथे दर्शन जागोजागी होतं आणि पैसे शेवटी टाकायचे असतात. मधून पळवाटाही आहेत. नकाशावर दाखवलेल्या असतात, पण नकाशा बघणारा आपल्याकडे विरळा. सोफ्यांचं काम नसेल तर पळवाट धरा. पडदे आणि काचसामान खालच्या मजल्यावर आहे, तिथे ताकद लागते.

त्या सजवलेल्या खोल्यांत डोळे फसतात, आणि त्याला कारण आहे. वर छत उंच, खोलीला माळा नाही, कोपऱ्यात गणपतीच्या सामानाचं खोकं नाही, दारामागे इस्त्रीचं टेबल नाही. अशा जागी पॅक्स नावाचं २३६ सेंटीमीटर उंच कपाट बेताचं दिसतं. घरी माळ्याची खालची बाजू ७ फुटांवर, म्हणजे २१३. संपलं. त्याच कपाटाची २०१ सेंटीमीटरची बुटकी जात असते, माळ्याखाली तीच घ्यायची. ज्यांच्याकडे माळा नाही त्यांनीही हुरळून जाऊ नये. आडवं जोडलेलं कपाट उभं करताना त्याचा कोपरा उंचीपेक्षा वर जातो : २३६ उंच आणि ५८ खोल कपाटाला उचलताना २४३ लागतात. साधारण ८ फूट. आपल्याकडे त्या उंचीवर पंखा फिरत असतो. तो बंद करा, आणि बंद केला म्हणून पाती आक्रसत नाहीत हेही लक्षात असू द्या.

आवडलेल्या वस्तूचं नाव लिहून घेऊ नका. नावं स्वीडिश आहेत, घरी पोचेपर्यंत तोंडात त्यांचं काहीतरी वेगळंच होतं. लिहायचा तो आठ आकडी नंबर, आणि त्याच्यासोबत खालच्या गोदामातली रांग आणि जागा, कारण खोकी तिथून आपणच उचलायची असतात. चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढला की काम झालं. खोक्यांची संख्याही बघा. काही वस्तू दोन-तीन खोक्यांत येतात आणि ती खोकी शेजारी-शेजारी असतातच असं नाही. कपाटात तर सांगाडा वेगळा, दारं वेगळी, बिजागऱ्या वेगळ्या, आतली फळी-रॉड वेगळी. बिजागऱ्या विसरणारे इतके असतात, की बिनदाराच्या कपाटाची फॅशन तिथूनच निघाली असावी असा माझा संशय आहे.

खोकी चपटी असतात. १९५६ पासून कंपनीने ही पद्धत धरली. टेबल गाडीत मावेना म्हणून गिलिस लुंडग्रेन या कर्मचाऱ्याने त्याचे पायच काढले, असं सांगतात. पुढे १९७९ साली बिली नावाचं पुस्तकांचं कपाट लुंडग्रेन यांनीच आरेखलं. त्या बिलीचा मोठा नमुना ८० रुंद, २८ खोल, २०२ उंच. खोकं चपटं खरं, पण लांबी दोन मीटर आणि वजन पस्तीस किलोच्या आसपास. रिक्षा नको. ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत तर नकोच, स्टेशन कितीही जवळ असलं तरी. छोट्या गाडीत पुढची सीट पूर्ण मागे पाडली तर खोकं डॅशबोर्डपर्यंत जातं, पण मग चौथा माणूस घरी कसा येणार हे निघण्याआधी ठरवा. सोसायटीची लिफ्ट आतून मोजायलाही विसरू नका. नाहीतर पैसे भरून घरपोच मागवा. मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही.

जोडणीच्या पुस्तिकेत शब्द नाहीत, फक्त चित्रं. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला ती वाचता येते आणि प्रत्येकाचं वाचन वेगळं निघतं. आधी सगळे स्क्रू, लाकडी खुंट्या, गोल लॉक मोजून वाट्यांत घाला. खाली चादर नव्हे, खोक्याचाच पुठ्ठा पसरा. मग फळ्यांच्या कडा बघा : एक कड गुळगुळीत, रंगाची पट्टी लावलेली, दुसरी कच्ची. कच्ची कड मागे किंवा खाली जाते. इथे उलटं झालं तर ते नवव्या पायरीला कळतं, आणि नऊ पायऱ्या परत उतराव्या लागतात. गोल लॉक बसवताना त्याच्यावरचा बाण बाहेरच्या कडेकडे, जिथून पिन आत येते तिकडे. मग जेमतेम अर्धा फेरा. ‘अजून थोडं आवळ’ म्हणणाऱ्या काकांना चहा करायला पाठवा. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि डिंक. जास्त आवळलं की भोक मोठं होतं आणि तो स्क्रू पुन्हा कधी धरत नाही. ड्रिल मशिनने स्क्रू पिळणाऱ्यांचंही हेच होतं. सोबत दिलेली वाकडी चावी हळू चालते, आणि म्हणूनच ती बरी.

मागची पातळ पाठ ठोकण्याआधी टेपने दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. नसले तर आत्ताच हलवून घ्या, कारण पाठ ठोकली की तो वाकडेपणा कायमचा. पुढे दारं एकमेकांवर चढतात आणि लोक बिजागऱ्यांना दोष देत बसतात.

आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे ओलं फडकं. रोज फरशी पुसताना खालच्या कच्च्या कडेला पाणी लागतं, बोर्ड फुगतो, आणि पावसाळ्यात तो वाळतही नाही. पायांखाली प्लॅस्टिकच्या गुंड्या लावा, एक सेंटीमीटर पुरतो.

राहता राहिली भिंत. उंच कपाट भिंतीला अडकवल्याशिवाय सोडायचं नसतं, घरात लहान पोर असेल तर अजिबात नाही. खालचा कप्पा ओढून पोर वर चढलं की सगळं पुढे येतं. पट्टी खोक्यात मिळते, पण भिंतीतला स्क्रू आणि प्लग मिळत नाही, कारण तुमची भिंत विटेची, काँक्रीटची की पोकळ ब्लॉकची हे त्यांना ठाऊक नाही. तो हार्डवेअरच्या दुकानातून आणा. आणि ड्रिल लावण्याआधी सोसायटीचा बोर्ड वाचा. दुपारी २ ते ४ बहुतेक ठिकाणी ठोकाठोक बंद असते, आणि कपाट जोडून नेमकं पावणेदोनला होतं. चार वाजेपर्यंत पोरांना त्या खोलीत सोडू नका.